शिनेड ओकॉनरचा १९९० चा अल्बम आणि त्याचे समीक्षक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात आम्ही काही जण एकत्र बसून एखादा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत मध्ये न थांबता ऐकतो आणि मग त्यावर बोलतो. आयरिश गायिका शिनेड ओकॉनर हिच्या 'आय डू नॉट वॉन्ट व्हॉट आय हॅवन्ट गॉट' या अल्बमची बैठक झाली की प्रश्न ठरलेले असतात. निम्मे तिच्या भादरलेल्या डोक्याबद्दल, उरलेले तिनं फाडलेल्या पोपच्या फोटोबद्दल. गंमत अशी, की वर्तमानपत्रांचंही बरंचसं असंच झालं होतं. उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. प्रश्न मात्र लोकांच्याच तोंडचे.

हा अल्बम नेमका काय आहे?

मार्च १९९० मध्ये तो बाजारात आला. डब्लिनची शिनेड ओकॉनर तेव्हा २३ वर्षांची होती आणि हा तिचा दुसरा अल्बम. पहिला, 'द लायन अँड द कोब्रा', १९८७ चा. या दुसऱ्यात दहा गाणी आहेत, सगळी मिळून साधारण ५१ मिनिटं, आणि निर्मिती मुख्यतः तिची स्वतःची. दुकानात तो पॉप-रॉकच्या कप्प्यात लागला, पण आत व्हायोलिनांचा ताफा आहे, हिप-हॉपचा ठेका आहे, आयरिश विलापगीत आहे, आणि शेवटचं शीर्षकगीत एकाही वाद्याशिवाय नुसत्या आवाजात आहे. अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे तो पहिल्या क्रमांकावर गेला. अमेरिकेत तर सहा आठवडे तिथंच होता.

तिच्या सांगण्यानुसार रेकॉर्ड कंपनीच्या लोकांना हा अल्बम काढायचाच नव्हता. हे फार खासगी आहे, दुसऱ्याची डायरी वाचल्यासारखं वाटतं, कोण विकत घेणार, असं त्यांचं म्हणणं. लोकांनी ती डायरी लाखोंनी विकत घेतली.

तेव्हाच्या समीक्षकांना आवडला होता का?

आवडला होता, आणि चांगलाच. न्यूयॉर्कचं 'व्हिलेज व्हॉइस' हे साप्ताहिक दर वर्षअखेरीला 'पॅझ अँड जॉप' नावाची पाहणी घ्यायचं. अमेरिकाभरचे संगीत समीक्षक तीत मत द्यायचे. १९९० च्या पाहणीत हा अल्बम दुसरा आला. पहिला नील यंगचा 'रॅग्ड ग्लोरी', तिसरा पब्लिक एनिमीचा 'फिअर ऑफ अ ब्लॅक प्लॅनेट'. एका बाजूला मुरलेला रॉकवाला, दुसऱ्या बाजूला उघड राजकीय रॅप करणारी मंडळी आणि मधोमध ही. 'रोलिंग स्टोन'नं २००३ मध्ये पाचशे श्रेष्ठ अल्बमांची यादी केली, तीतही हा होता, चारशेच्या पुढे का होईना.

पण कौतुक कशाचं झालं ते बघावं. आवाजाचं झालं, म्हणजे कुजबुजीतून एकदम किंकाळीवर जाणाऱ्या त्या गळ्याचं. आणि खासगी दुःख चारचौघांत मांडायच्या धाडसाचं झालं. हा 'कबुलीचा' अल्बम आणि त्यात एखादं राजकीय गाणंही आहे, अशी विभागणी तेव्हाच रुळली आणि आजही माहितीपर लेखांत तीच वाचायला मिळते. आमच्या बैठकीतला वाद नेमका याच विभागणीशी आहे.

सगळ्यांना माहीत असलेलं गाणं तर प्रिन्सचं. मग हिला गीतकार का म्हणायचं?

कारण दहातली बहुतेक गाणी तिची आहेत. 'नथिंग कम्पेअर्स टू यू' हे अमेरिकी गायक-संगीतकार प्रिन्सनं लिहिलं आणि त्याच्याच 'द फॅमिली' या गटानं १९८५ मध्ये ते आधी गायलं. तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. प्रिन्सचं स्वतःचं १९८४ चं मूळ ध्वनिमुद्रण तर २०१८ मध्ये बाहेर आलं. ते जरूर ऐका, म्हणजे ओकॉनरनं काय केलं ते कळतं. तिनं गाण्यातली मांडणी कमी केली, मागचे सूर लांबवले आणि मधली जागा मोकळी सोडली.

जॉन मेबरीनं केलेल्या व्हिडिओत बहुतेक वेळ फक्त तिचा चेहरा दिसतो आणि शेवटाकडे गालावर अश्रू ओघळतात. आईनं परसात लावलेली फुलं असा गाण्यात उल्लेख येतो, तिथं आपल्याला आपली आई आठवली, असं तिनं सांगितलंय. आई १९८५ मध्ये मोटार अपघातात गेली होती. १९९० च्या एमटीव्ही पुरस्कारांत हा वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ ठरला, आणि तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री कलाकार.

या यशानं अल्बमचं एक नुकसान केलं, असं मला वाटतं. आपल्याकडे ज्यांनी नव्वदीत केबल आल्यावर तिला पाहिलं, त्यांच्या लेखी ती प्रेमभंगाचं गाणं गाणारा एक चेहरा होऊन बसली. बाकीची नऊ गाणी त्या चेहऱ्यामागे गेली.

बाई स्वतःचंच रडगाणं गातेय की ओ. राजकारण कुठाय त्यात?

'ब्लॅक बॉइज ऑन मोपेड्स' ऐका. मोपेड म्हणजे आपली लुना. जवळजवळ नुसती गिटार आणि आवाज. सुरुवातीलाच टीव्हीवर ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर येतात. बीजिंगमध्ये मारल्या गेलेल्या माणसांबद्दल त्या हळहळतात. (१९८९ च्या जूनमध्ये तिआनानमेन चौकातल्या निदर्शकांवर लष्करानं गोळ्या झाडल्या, ती घटना.) गायिका म्हणते, यांना धक्का बसावा हेच नवल, कारण तसलेच हुकूम यांनीही दिलेत. पुढे पहाटे पाच वाजता लंडनच्या स्मिथफील्ड बाजारात लेकरांसाठी खायला शोधणारी एक तरुण आई येते. ध्रुवपदात ती इंग्लंडच्या गुलाबी चित्राला नकार देते आणि मोपेडवरच्या काळ्या पोरांचा जीव घेणाऱ्या पोलिसांचा देश तो हाच, असं सरळ म्हणते. आणि त्याच दमात स्वतःच्या मुलाकडे वळते : माझं माझ्या पोरावर प्रेम आहे, म्हणूनच मी इथून निघाले.

आता हे गाणं कुठल्या कप्प्यात टाकणार? पंतप्रधान आहेत, पोलीस आहेत, म्हणून राजकीय? की आई आणि मूल आहे म्हणून खासगी? तिचा थोरला मुलगा १९८७ चा, म्हणजे तेव्हा अगदी लहान. ती पोलिसांवर गातेय ती कार्यकर्ती म्हणून नाही. उद्या आपलं पोर रस्त्यावर जाणार आहे, म्हणून गातेय.

उलट बाजूनंही बघा. 'द लास्ट डे ऑफ अवर ॲक्वेन्टन्स' हे एका लग्नाच्या शेवटावरचं गाणं. मोजकेच कॉर्ड, बराच वेळ ढोल नाहीत, आणि येतात तेव्हा दार धाडकन उघडावं तसे येतात. समीक्षक याला बिनदिक्कत 'वैयक्तिक' म्हणतात. पण ही बाई कुठली? आयर्लंडची. तिथं घटस्फोटाला राज्यघटनेतच बंदी होती. १९८६ च्या सार्वमतात लोकांनी ती उठवायला नकार दिला आणि १९९५ मध्ये निसटत्या बहुमतानं ती उठली. म्हणजे १९९० मध्ये एक आयरिश तरुणी एका कार्यालयात बसून नातं संपवल्याचं गातेय तेव्हा तिच्या मायदेशात तशी सोयच नव्हती. हे माहीत असेल तर ते गाणं नुसतं दोघांपुरतं राहत नाही. 'थ्री बेबीज'चंही तसंच. गमावलेल्या गर्भांबद्दल ती गाते तेव्हा आयर्लंडच्या घटनेत १९८३ पासून गर्भपातबंदीचं कलम बसलेलं होतं.

या दोन गाण्यांना ती स्वतः राजकीय म्हणाली असती की नाही, तो वेगळा मुद्दा. पण दीडदोनशे शब्दांच्या परीक्षणात हा संदर्भ मावत नाही, आणि परीक्षण लिहिणारा लंडन-न्यूयॉर्कचा पुरुष असेल तर त्याला तो सुचतही नाही. मग 'काळजातून आलेलं' असं म्हणून पुढच्या गाण्याकडे जायचं.

मोपेडवरची मुलं खरी होती का?

होती. निकोलस ब्रॅम्बल हा किशोरवयीन मुलगा १९८९ मध्ये लंडनमध्ये मोपेडवरून जात होता. ती चोरीची असावी असा संशय घेऊन पोलिसांनी पाठलाग केला आणि अपघातात तो गेला. मोपेड त्याची स्वतःचीच होती. दुसरं नाव कॉलिन रोच. २१ वर्षांचा हा तरुण स्टोक न्यूइंग्टन पोलीस ठाण्याच्या दारातच बंदुकीच्या गोळीनं मरण पावला. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. तो घरच्यांना आणि वस्तीतल्या लोकांना पटला नाही, मोठी आंदोलनं झाली. अल्बमच्या आतल्या बाजूला रोचच्या आईवडिलांचा फोटो छापलेला आहे, मागे मुलाचं पोस्टर. वितळणाऱ्या हृदयाची पॉप कॅसेट म्हणून जिनं हा अल्बम घेतला असेल, तिला घरी गेल्यावर हा फोटो दिसत असणार.

रोच गेला ती तारीख १२ जानेवारी १९८३. सोलापूरकराला ही तारीख सांगायला लागत नाही. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना इंग्रजांनी येरवड्यात फाशी दिलं. मार्शल लॉ लागलेलं हे गाव. दोन घटनांची तुलना करायची नाही, त्या सर्वस्वी वेगळ्या आहेत. पण बैठकीत ही तारीख उच्चारली की मागच्या रांगेतले लोकसुद्धा मोबाइल खाली ठेवतात, एवढं खरं.

ते थडग्यावरचं गाणं एवढं जुनं, मग त्याला डिस्कोचा ठेका कशाला?

डिस्को नव्हे. 'आय ॲम स्ट्रेच्ड ऑन युअर ग्रेव्ह' ही मूळ आयरिश भाषेतली निनावी कविता, बहुधा सतराव्या शतकातली. इंग्रजी रूप फ्रँक ओकॉनर या लेखकाचं, चाल फिलिप किंगची. खाली जो ढोल वाजतो तो जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर' या ध्वनिमुद्रणातून उचललेला आहे. रॅपवाल्यांनी या एका ढोलावर शेकडो गाणी बांधली. ओकॉनरनं त्यावर मृत प्रेयसीच्या थडग्यावर पडून राहिलेल्या माणसाचा विलाप ठेवला. मला हे अल्बममधलं सर्वांत हुशार काम वाटतं. शेवटी व्हायोलिन येतं आणि गाणं चक्क नाचू लागतं.

ग्रॅमी मिळालं होतं म्हणे, मग घेतलं का नाही?

१९९१ च्या ग्रॅमीत तिला चार नामांकनं होती. 'आल्टर्नेटिव्ह' संगीताचा पुरस्कार त्या वर्षी पहिल्यांदाच दिला गेला आणि तो याच अल्बमला मिळाला. ती समारंभाला गेली नाही, पुरस्कारही घेतला नाही. हे सोहळे कलेपेक्षा विक्रीला आणि पैशाला मान देतात, असं तिनं पत्रातून कळवलं होतं.

त्या रात्रीची एक बाब मला नेहमी सांगावीशी वाटते. वर्षातलं सर्वोत्तम ध्वनिमुद्रण हा मोठा मान तिच्या हातून गेला आणि फिल कॉलिन्सच्या 'अनदर डे इन पॅरडाइज'ला मिळाला. ते गाणं बेघर माणसांवर आहे. म्हणजे ग्रॅमीवाल्यांना सामाजिक विषयाचं वावडं होतं असं अजिबात नाही. कॉलिन्सचं बोट आपल्या सगळ्यांकडे आहे, म्हणजे खास कुणाकडेच नाही. ओकॉनरनं पंतप्रधानाचं आडनाव घेतलं, पोलिसांचं नाव घेतलं. लोकप्रिय संगीतात राजकारण किती चालतं, याची मोजपट्टी विषय नसून नाव घेणं ही असते. पुढं तिचं जे झालं ते याच मोजपट्टीनं झालं.

पोपचा फोटो फाडला तो याच अल्बमच्या वेळी ना?

नाही. तो प्रकार ३ ऑक्टोबर १९९२ चा, म्हणजे अडीच वर्षांनंतरचा, अमेरिकेतल्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या विनोदी टीव्ही कार्यक्रमातला. जमैकाच्या बॉब मार्लीचं 'वॉर' हे गाणं ती वाद्यांशिवाय गायली, शब्दांत लहान मुलांवरच्या अत्याचाराचा उल्लेख घातला आणि शेवटी दुसऱ्या जॉन पॉलचा फोटो कॅमेऱ्यासमोर फाडला.

त्याआधीच १९९० च्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतल्या कार्यक्रमापूर्वी अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवू नका, असं तिनं म्हटल्यावर गदारोळ झाला होता. गायक फ्रँक सिनात्रानं तिला लाथ घालायची भाषा केली होती. फोटोनंतर तर कहरच. न्यूयॉर्कमध्ये तिच्या कॅसेटी-सीडींवरून रोलर फिरवला. पुढच्याच आठवड्यात जो पेशी हा नट त्याच कार्यक्रमात तो फोटो चिकटवून घेऊन आला आणि टाळ्या मिळवून गेला. १६ ऑक्टोबरला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बॉब डिलनच्या कारकिर्दीच्या तीस वर्षांनिमित्त कार्यक्रम होता. तिथं ती मंचावर आली आणि हुर्यो उडाली. ठरलेलं गाणं सोडून ती पुन्हा 'वॉर'च गायली. गायक क्रिस क्रिस्टॉफरसननं येऊन तिला धीर दिला.

लक्षात घ्या, डिलनच्या नावानं जमलेले लोक होते हे. निषेधाची गाणी ऐकत वाढलेले.

म्हणजे फोटोमुळे तिचं करिअर बुडालं, हे खरं?

लोकप्रियतेच्या हिशेबात बऱ्याच अंशी खरं. पण तिचा स्वतःचा हिशेब उलटा होता. २०२१ मध्ये आलेल्या 'रिमेंबरिंग्ज' या आत्मकथनात ती म्हणते, की पहिल्या क्रमांकावर गेलेल्या गाण्यानंच माझी गाडी रुळावरून घसरवली होती, फोटो फाडल्यानं ती परत रुळावर आली. पॉपस्टार होणं हे तिला कधीच नको होतं, निषेध करणारी गायिका व्हायचं होतं.

परीक्षणांच्या अंगानं बघितलं तर १९९२ नंतर एक विचित्र गोष्ट झाली. या १९९० च्या अल्बमला कुणी वाईट म्हटलं नाही. फक्त त्यावर लिहिताना आधी बाईवर लिहायचं, मग जागा उरली तर गाण्यावर, अशी रीत पडली. 'युनिव्हर्सल मदर' हा तिचा १९९४ चा अल्बम आईपण, हिंसा आणि आयर्लंडचा दुष्काळ यांवर आहे. दुसऱ्या कुणाचा असता तर त्यावर पानं भरली असती. तिच्या वाट्याला 'ही अजून चिडलेलीच आहे' हा सूर आला.

ती गेल्यावर सगळेच तिला संत करायला निघाले. समीक्षकांचं मत बदललं का?

अल्बमबद्दल फारसं नाही, ते चांगलंच होतं. बदललं ते बाईबद्दल. आयर्लंडमधल्या चर्चसंस्थांमधले अत्याचार सरकारी चौकशांत बाहेर आले, २००९ मध्ये रायन अहवाल आणि मर्फी अहवाल आले, २०१० मध्ये सोळाव्या बेनेडिक्ट यांनी आयरिश कॅथलिकांना क्षमायाचनेचं पत्र लिहिलं. १९९२ मध्ये जे वेडेपण वाटलं होतं त्याला कागदोपत्री आधार मिळाला. २०२२ मध्ये कॅथरिन फर्ग्युसनचा 'नथिंग कम्पेअर्स' हा माहितीपट आला. २६ जुलै २०२३ ला ती ५६ व्या वर्षी लंडनमध्ये गेली. (२०१८ मध्ये तिनं इस्लाम स्वीकारला होता. त्यावर बैठकीत एकदा चर्चा भरकटली, म्हणून इथं एवढंच.) मृत्युलेखांत 'ती बरोबर होती' हे वाक्य सगळीकडे.

मला हे मृत्युलेख फार आवडले नाहीत. ती बरोबर होती म्हणून तिची गाणी चांगली, हा तर्क १९९२ च्या तर्काचाच सख्खा भाऊ. तेव्हा ती चुकली म्हणून गाणी रोलरखाली गेली, आता ती बरोबर म्हणून गाणी थोर. दोन्ही वेळा ढोल कधी येतो, श्वास कुठे तुटतो, हे ऐकायचं राहूनच गेलं.

तुम्हाला सगळंच भारी वाटतं का? कच्चं काहीच नाही?

आहे की. 'जम्प इन द रिव्हर' आधीच १९८८ मध्ये एका चित्रपटासाठी आलेलं गाणं. वाईट नाही, पण इथं पाहुण्यासारखं वाटतं. 'यू कॉझ ॲज मच सॉरो' तिसऱ्यांदा ऐकताना मी पुढे ढकलतो. पहिलं गाणं 'फील सो डिफरंट' जवळपास सात मिनिटांचं. ज्या प्रार्थनेनं ते सुरू होतं, 'जे बदलता येत नाही ते स्वीकारायचं बळ दे' अशा अर्थाची, ती व्यसनमुक्ती गटांत फार प्रसिद्ध आहे. तिथून व्हायोलिनं चढत जातात आणि थांबतच नाहीत. आमच्यातल्या काहींना हेच गाणं सर्वांत आवडतं, त्यामुळे बैठकीत मी हे मत हळू आवाजात मांडतो.

आपल्याकडे असं कुणी गायलंय का?

एकास एक जुळणी काढण्यात मजा नाही. पण सोलापूर जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. राम जोशी इथलेच. त्यांची लावणी एका फळीवर आणि उपदेशपर रचना दुसऱ्या फळीवर ठेवायची सवय आपल्या अभ्यासकांनाही आहे. बार्शीचे अमर शेख यांच्या बाबतीत उलटं. संयुक्त महाराष्ट्राचे शाहीर म्हणून त्यांचा आवाज आठवतो, त्यांची कविता वाचणारे कमी.

मला मात्र ओकॉनर ऐकताना जात्यावरची ओवी जास्त आठवते. त्यात सासरही असतं, सावकारही असतो, दुष्काळही असतो, आणि बाई 'आता मी राजकीय गाते' असं सांगून सूर बदलत नाही. शेवटचं शीर्षकगीत वाद्यांशिवाय का ठेवलं, हा प्रश्न आमच्याकडे तरुण मुलं विचारतात. आज्या विचारत नाहीत.

मुलांना घेऊन आलं तर चालेल?

दहावीच्या पुढची असतील तर या. 'थ्री बेबीज'च्या आधी आम्ही विषय सांगून ठेवतो. ज्यांना नको असेल त्यांनी तेवढा वेळ बाहेर चहा घ्यावा.

इंग्रजी एवढं येत नाही. आधी परीक्षणं वाचून यावं का?

परीक्षणं नंतर. आधी शब्द छापून घ्या. तिचे उच्चार स्पष्ट आहेत आणि वाक्यं साधी आहेत, बारावीचं इंग्रजी पुरतं. पहिल्यांदा क्रमानं पूर्ण ऐका, दुसऱ्यांदा फक्त तिसरं, पाचवं आणि नववं गाणं ऐका. तिसरं 'थ्री बेबीज', पाचवं मोपेडवालं, नववं लग्नाच्या शेवटाचं. सहावं सगळ्यांचं पाठच आहे, ते त्या दिवशी वगळलं तरी चालेल. कागद आणि पेन आणा. कोणती ओळ कोणत्या कप्प्यात टाकाल ते ऐकता ऐकता लिहा आणि बैठकीत ते कागद एकमेकांत बदलून घ्या.